इस्तंबूलचे उदी ह्रांत आणि लाखेच्या तबकड्या

१९५० साली इस्तंबूलचा एक वादक डोळ्यांवर इलाज करून घेण्यासाठी अमेरिकेला निघाला. त्याचं वय पन्नाशीला टेकलं होतं आणि तो जन्मापासून अंध होता. प्रवासाचा आणि उपचारांचा भार चाहत्यांनी उचलला होता. शस्त्रक्रियेचा काही उपयोग झाला नाही. पण एवढ्या लांब आलेल्या माणसाला चाहते तसाच परत जाऊ देईनात. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याची मैफल झाली. मग बॉस्टन, डेट्रॉइट, फ्रेस्नो, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को. समोर बसणाऱ्यांत आर्मेनियन होते, ग्रीक होते, ज्यू होते, तुर्कही होते. बहुतेकांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ऑटोमन साम्राज्याचा मुलूख सोडलेला, आणि कितीतरी जणांना तो सोडावा लागलेला. आता ते साम्राज्यही उरलं नव्हतं. मंचावरच्या माणसाचं नाव त्यांना आधीपासून माहीत होतं, कारण ते त्यांच्या घरातल्या तबकड्यांवर छापलेलं होतं: उदी ह्रांत.

'उदी' म्हणजे ऊद वाजवणारा. आपल्याकडे नावाआधी 'पंडित' किंवा 'उस्ताद' लागतं, तसं तिकडे वाद्याचं नाव लागतं. कानून वाजवणारा तो कानुनी, व्हायोलिन किंवा केमान वाजवणारा तो केमानी. ऊद हे पोटाला गोलाई असलेलं, आखूड मानेचं तंतुवाद्य. खुंट्यांचा भाग मागे वळलेला असतो. मानेवर पडदे नसतात, त्यामुळे बोट सरकवून हवा तो स्वर काढता येतो. सहसा अकरा तारा असतात: पाच जोड्या आणि खर्जाची एकटी तार. नखी पूर्वी गरुडाच्या पिसाची करत. तुर्की संगीतशास्त्र एका पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग मानतं आणि त्याला 'कोमा' म्हणतं. आपल्या श्रुतींशी परिचय असलेल्या कानाला हा हिशेब परका वाटत नाही. रागाच्या जागी तिथे 'मकाम' असतो, आणि तालाशिवाय मकाम उलगडत नेणाऱ्या आलापाला 'तकसीम' म्हणतात. उदी ह्रांत यांचं नाव झालं ते आधी तकसीममुळे.

ह्रांत केंकुलियान यांचा जन्म १९०१ सालचा, इस्तंबूलच्या पूर्वेला असलेल्या अदापाझारी गावातला. गावात आर्मेनियन वस्ती मोठी होती. अंध मुलगा लहानपणी चर्चमध्ये गायचा, आणि त्या काळच्या आर्मेनियन मुलासाठी चर्च हीच पहिली संगीतशाळा असे. यात नवल काही नव्हतं. ऑटोमन दरबाराच्या आणि शहराच्या संगीतात आर्मेनियन माणसं शतकभराहून जास्त काळ आतपर्यंत रुजलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हांबार्त्सुम लिमोंजियान या आर्मेनियन संगीतकाराने नवी स्वरलिपी तयार केली. त्याला सुलतान सेलीम तिसरा याच्या दरबाराचं प्रोत्साहन होतं. पुढे तुर्की संगीताच्या शेकडो रचना याच लिपीत लिहिल्या गेल्या आणि म्हणून टिकल्या. ताट्योस एफेंदी, बिमेन शेन ही तुर्की गीतांच्या रचनाकारांची नावं आजही तुर्कस्तानात आदराने घेतली जातात. दोघेही आर्मेनियन. रविवारी प्रार्थनेत आर्मेनियन गाणारा आणि त्याच संध्याकाळी तुर्की गीत रचणारा माणूस ही इस्तंबूलमधली नेहमीची गोष्ट होती.

१९१५ ने ती नेहमीची राहू दिली नाही. २४ एप्रिलच्या रात्री इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, संपादक, डॉक्टर, पाद्री यांना घरांतून उचलण्यात आलं. आर्मेनियन लोकगीतांचा मोठा संग्राहक कोमितास त्यांत होता. तो जिवंत परतला, पण मनाने कायमचा खचला, आणि १९३५ साली पॅरिसच्या एका मनोरुग्णालयात वारला. पाठोपाठ आनातोलियातल्या आर्मेनियन गावांवर देशोधडीचे हुकूम निघाले. पश्चिमेकडची कुटुंबं रेल्वेने एस्किशेहिर, कोन्या अशी आग्नेयेकडे, सीरियाच्या वाळवंटाच्या दिशेने हाकलली गेली. किती माणसं मेली याचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. जगातले बहुसंख्य इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात आणि तुर्की सरकार तो शब्द आजही मान्य करत नाही. केंकुलियान कुटुंब कोन्यापर्यंत पोहोचलं आणि तिथे वाचलं. चौदा-पंधरा वर्षांच्या ह्रांतच्या हातात ऊद आला तो या निर्वासित काळात, कोन्यातच.

पहिलं महायुद्ध संपल्यावर ह्रांत इस्तंबूलला आला. केमानी आगोपोस, उदी क्रिकोर बेर्बेरियन अशा आर्मेनियन वादकांकडे त्याचं शिक्षण झालं. लिपी डोळ्यांनी वाचायची सोय नव्हती, त्यामुळे सगळी विद्या कानावाटे आली. शहरात तेव्हा वाजवणाऱ्याला काम होतं, पण पोट भरेल एवढं नेहमीच मिळत नसे. मेहाने म्हणजे दारूचे गुत्ते, गाझिनो म्हणजे गाणंबजावणं चालणारी उपाहारगृहं, शिकवण्या, वाद्यांची खरेदी-विक्री, असं करत अंध वादकाचा संसार चालायचा. आणि याच वेळी शहरात एक नवं गिऱ्हाईक आलेलं होतं. ते म्हणजे ग्रामोफोन कंपनी.

खरं तर ग्रामोफोन इस्तंबूलला नवा नव्हता. विसावं शतक उजाडतानाच युरोपातले ध्वनिमुद्रक तिथे पोहोचले होते. ब्लुमेंथाल या ज्यू बंधूंनी शहरातच 'ऑर्फेऑन' नावाने तबकड्यांचा कारखाना काढला. तंबूरवादक तंबुरी जेमिल बे यांच्या अजरामर तकसीमांच्या तबकड्या या पहिल्या पिढीतल्या. त्या काळी तबकडीवर सुरुवातीलाच कंपनीचं आणि कलाकाराचं नाव मोठ्याने पुकारत. शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगणाऱ्या आपल्या गौहरजानची आठवण होते. योगायोग असा, की भारतातल्या या पहिल्या मोठ्या ग्रामोफोन गायिकेचे वडीलही आर्मेनियन वंशाचे होते.

पण त्या पहिल्या पिढीच्या तबकड्या उदाला फारशा मानवल्या नाहीत. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलाकार भोंग्यासमोर बसायचा आणि त्याच्या आवाजाचा नुसता धक्का मेणाच्या चकतीवर सुईने रेघ उमटवायचा. गवयाचा खणखणीत गळा त्यात उतरायचा, सनई-क्लॅरिनेट उतरायची. ऊद मात्र मुळात मऊ आवाजाचा. त्याचा खर्ज भोंग्यात हरवायचा आणि उरायचा तो नखीचा खडखडाट. १९२५ नंतर विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि हे चित्र पालटलं. तारेवर बोट सरकल्याची कुजबुजही आता मेणावर उतरू लागली. ह्रांत तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. यंत्र आणि वादक एकाच वेळी तयार झाले असं म्हणायला हरकत नाही. ह्रांत यांच्या सुरुवातीच्या तबकड्या विसाच्या दशकातल्या आहेत.

या तबकड्यांवरचं कुत्र्याचं आणि भोंग्याचं चित्र महाराष्ट्रातल्या घरांनाही ओळखीचं. हिज मास्टर्स व्हॉइस म्हणजे एचएमव्ही तुर्की बाजारात 'साहिबिनिन सेसी' या नावाने विकली जायची, आणि तिची इस्तंबूलमधली एजन्सी वाहराम आणि आराम गेसारियान या आर्मेनियन बंधूंकडे होती. दुसरा धागा अधिक ठोस आहे. तबकडीच्या काळ्या मिश्रणाचा जीव असलेली लाख प्रामुख्याने भारतातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलांतून. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेल्या त्या राळेत ह्रांत यांचा ऊद आज शंभर वर्षं टिकून आहे.

आता ती तबकडी थोडी जवळून ऐकू. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. मैफलीत तकसीम वादकाच्या मर्जीने लांबतो. तबकडीवर मेण संपायच्या आत तो पुरा व्हावा लागतो. त्यामुळे तीन मिनिटांची अशी एक शिस्त तयार झाली. पहिल्या काही सेकंदांत खर्जाच्या तारेवर आधारस्वर दिला जातो, म्हणजे मकामाचं घर दाखवलं जातं. समजा मकाम 'हिजाझ' आहे. त्याचा पहिला चतुःस्वर ऐकताना आपल्या कानाला भैरवातला कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार आठवेल, फक्त तुर्की हिजाझमधलं त्या दोन स्वरांतलं अंतर किंचित आवळलेलं असतं. वादक आधी या चार स्वरांतच फिरतो, थांबतो, पुन्हा तिथेच येतो. साधारण अर्धी बाजू होत आली की तो वरच्या सप्तकाकडे चढतो आणि मध्येच शेजारच्या मकामात डोकावून येतो. ही डोकावणी हीच तकसीमची खरी परीक्षा. कुठून बाहेर पडलात आणि घरी कसे परतलात, यावर जाणकार मान डोलावतात. काही तबकड्यांवर स्टुडिओतल्या साथीदारांची 'याशा!' अशी दादही उमटलेली आहे. ही तिकडची 'वाहवा', आणि तीही तीन मिनिटांच्या हिशेबात बसवलेली.

ह्रांत यांनी या चौकटीत काय नवीन केलं? जुने वादक बहुधा नखी वरून खाली मारत. ह्रांत यांचा हात दोन्ही दिशांना सारखा चालायचा, त्यामुळे झरझर जाणाऱ्या तानाही तुटत नसत. उजवा हात थांबला असताना डाव्या हाताच्या बोटांनीच तार छेडायची, ही युक्ती त्यांनी उदावर रुळवली. ऐकणाऱ्याला वाटतं, लांबून दुसरा कोणी ऊद उत्तर देतो आहे. एकाच वेळी दोन तारांवर दोन स्वर वाजवणं, तारांच्या जोडीतली एक तार सप्तकाच्या अंतराने लावून नाद भरदार करणं, हेही त्यांच्या नावावर मांडलं जातं. नुसत्या चमत्कारासाठी हे होतं असं तबकड्या ऐकताना वाटत नाही. तानेचा सपाटा संपला की लगेच एक लांब, थरथरता, घासून निघालेला स्वर येतो, आणि लक्षात राहतो तो हाच. याशिवाय ते गात. 'गझल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तालमुक्त गायनातही त्यांचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता. तो खरखरीत, भरून आलेला होता आणि उदाच्या त्या घासलेल्या स्वराशी जुळणारा होता.

तबकड्या फिरत होत्या त्या काळात बाहेर मोठी उलथापालथ चालली होती. १९२३ मध्ये प्रजासत्ताक आलं. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली आणि तबकड्यांवरच्या कागदी चकत्याही बदलल्या. त्याच वर्षी इस्तंबूलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 'नागरिका, तुर्कीत बोल' ही मोहीम सुरू केली. ट्रॅममध्ये, बोटीत आर्मेनियन किंवा ग्रीक बोलणाऱ्यांना हटकलं जाऊ लागलं. १९३४ मध्ये आडनावांचा कायदा झाला, आणि त्याच्या नियमांत 'यान', 'पुलोस' असे बिगरतुर्की प्रत्यय असलेली आडनावं घ्यायला मनाई होती. केंकुलियान कागदोपत्री 'एम्रे' झाले. तबकडीला मात्र आडनावाची गरजच नव्हती. तिथे पहिल्यापासून 'उदी ह्रांत' एवढंच होतं, आणि ह्रांत हे नाव वाचणाऱ्या कोणालाही हा आर्मेनियन आहे हे सांगावं लागत नव्हतं.

त्याच १९३४ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष अतातुर्कांनी संसदेतल्या भाषणात देशाच्या संगीताला नवं वळण देण्याची भाषा केली. सूर युरोपीय संगीताच्या बाजूचा होता. दुसऱ्याच दिवशी गृहखात्याने अंकारा आणि इस्तंबूलच्या रेडिओवरून पारंपरिक तुर्की संगीत बंद केलं. १९३६ च्या सप्टेंबरापर्यंत ही बंदी टिकली. लोकांनी काय केलं? रेडिओची कळ फिरवून कैरो लावलं. आणि तबकड्या वाजवल्या. बंदी रेडिओवर होती, ग्रामोफोनवर नव्हती. सरकारी रेडिओने ज्याला मागासलेलं ठरवलं होतं ते संगीत दुकानात जाऊन विकत घेता येत होतं. म्हणजे एका परक्या कंपनीच्या धंद्याने, दुसरा कसलाही हेतू नसताना, त्या दोन वर्षांत परंपरा जिवंत ठेवायचं काम केलं.

ह्रांत यांनी तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत गाणी रचली. त्यांची सर्वांत गाजलेली रचना 'हास्तायिम याशियोरुम' तुर्की भाषेत आहे, आणि आजही ती तुर्कस्तानात गायली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, बिगरमुस्लिमांना देशोधडीला लावणारा संपत्तीकर आला. १९५५ च्या सप्टेंबरात इस्तंबूलच्या ग्रीकांची, आणि त्यांच्यासोबत आर्मेनियन व ज्यूंची दुकानं आणि घरं जमावाने फोडली. दोन्ही वेळा हजारो कुटुंबांचं कंबरडं मोडलं, आणि पुष्कळांनी गाशा गुंडाळला. ह्रांत मात्र इस्तंबूलमध्येच राहिले. ते इस्तंबूल रेडिओवर वाजवत, शिकवत, आणि परदेशी जाऊन परत येत.

अमेरिकेतल्या तबकड्यांचा इतिहास याच्या समांतर चाललेला होता. स्मिर्ना म्हणजे आजच्या इझमीरला जन्मलेला आर्मेनियन उदी मार्को मेलकोन विसाच्या दशकात अमेरिकेत पोहोचला आणि न्यूयॉर्कच्या आठव्या अव्हेन्यूवरच्या क्लबांत तुर्की, ग्रीक, आर्मेनियन अशी सगळी गाणी गायला लागला. आजदिन असलान नावाच्या अल्बेनियन माणसाने 'बाल्कन', 'कालिफोन', 'मेट्रोपॉलिटन' अशा छोट्या लेबलांवर ही गाणी काढली. गंमत अशी, की ज्या माणसांना तुर्कस्तानातून जीव मुठीत धरून पळावं लागलं, ती न्यूयॉर्कमध्ये तुर्की भाषेतली गाणी पैसे मोजून ऐकत होती. ती त्यांच्याही लहानपणाची भाषा होती. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी आर्मेनियनपेक्षा तुर्कीच जास्त बोलली जायची, आणि तुर्की मजकूर आर्मेनियन लिपीत छापणारी वर्तमानपत्रं इस्तंबूलमध्ये कितीतरी दशकं निघत होती. या श्रोत्यांपुढे १९५० मध्ये ह्रांत येऊन बसले. टाउन हॉल उदाला नवा नव्हता. १९२८ मध्ये शरीफ मुहिद्दीन तारगान या तुर्की उदवादकाने तिथेच ऊद आणि चेलो वाजवून दाखवला होता. पण तारगान यांनी ऊद युरोपीय वाद्यांच्या पंक्तीला नेऊन बसवायचा प्रयत्न केला. ह्रांत तो गुत्त्यातून, चर्चमधून आणि तबकडीवरून आलेला होता तसाच घेऊन गेले. या दौऱ्यातही त्यांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि ते विसाच्या दशकातल्या तबकड्यांशेजारी ठेवून ऐकलं तर पंचवीस वर्षांत हात किती शांत झाला ते कळतं. ताना तितक्याच वेगाच्या आहेत, पण संख्येने कमी. दोन वाक्यांमधली विश्रांती लांबली आहे.

अमेरिकेत जन्मलेल्या आर्मेनियन मुलांनी मग ऊद उचलला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो परिसरातले रिचर्ड हगोपियन त्यांतले अग्रणी. ह्रांत यांनीच त्यांना 'उदी' ही पदवी दिली आणि १९८९ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला. त्यांचा मुलगा हॅरॉल्ड हगोपियन याने नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये 'ट्रॅडिशनल क्रॉसरोड्स' या लेबलवर उदी ह्रांत यांची जुनी ध्वनिमुद्रणं सीडीवर आणली. सत्तर वर्षांपूर्वीच्या इस्तंबूलचा आवाज एका आर्मेनियन-अमेरिकी घरामार्फत पुन्हा जगात, आणि तुर्कस्तानातही, पोहोचला.

ह्रांत स्वतः हे पाहायला नव्हते. २९ ऑगस्ट १९७८ रोजी इस्तंबूलमध्ये त्यांचं निधन झालं आणि शिश्लीच्या आर्मेनियन दफनभूमीत त्यांना पुरलं गेलं.

त्यांच्या मागे एक वाद मात्र राहिला आहे. हे संगीत कोणाचं? तुर्की पुस्तकांत ह्रांत तुर्की संगीताचे थोर वादक असतात, आणि त्यांची तरुणपणाची वाट कोन्यावरून का गेली याचा उल्लेख तिथे सहसा नसतो. काही आर्मेनियन लेखकांना ते आर्मेनियन संगीताचे वाटतात, पण त्यांचा मकाम, त्यांची तुर्की गाणी त्यांना अडचणीची वाटतात. आर्मेनियन म्हणजे कोमितासने गोळा केलेलं शुद्ध लोकगीत, शहरी तुर्की छापाचं नव्हे, असं मानणारा मोठा वर्ग आहे. दोन्ही बाजूंना ह्रांत अर्धेच हवे आहेत.

तबकडी अशी वाटणी करू देत नाही. तीन मिनिटांच्या एका बाजूत चर्चमध्ये घडलेला कान आहे, दरबारी मकामाचं व्याकरण आहे, आणि गुत्त्यातला लडिवाळपणा आहे. विकणारे एजंट आर्मेनियन, कंपनी इंग्रज, लाख भारतातली, आणि ऐकणारे कोणत्याही देवाचे. १९१५ ने त्या शहराचं काय केलं हे जाणून घ्यायचं तर इतिहासाची पुस्तकं आहेतच, ती वाचलीच पाहिजेत. पण त्या आधी ते शहर कसं होतं आणि नंतरही त्यातलं काय तगलं, याचा पुरावा पुस्तकांपेक्षा या तबकड्यांत अधिक स्पष्ट आहे. उदी ह्रांत यांची जुनी ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर सहज मिळतात. गाण्यांपासून सुरुवात करू नका, शब्द कळत नाहीत म्हणून कंटाळा येईल. आधी एक तकसीम ऐका, आपण रागाचा आलाप ऐकतो त्याच कानाने. सुईच्या खरखरीकडे पहिले दोनदा दुर्लक्ष करा. तिसऱ्यांदा ती ऐकूच येणार नाही.